खेळताना आपोआप रीस्टार्ट होणारा संगणक : दोष शोधण्याची रीत

आपल्या न्यासाच्या सभासद-कुटुंबांपैकी ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुले आहेत, त्यांतील पुष्कळांना एक तक्रार परिचयाची असेल. संगणकावर पत्रे लिहिली, हिशेब मांडले, चित्रपट पाहिला, तर यंत्र दिवसभर निमूटपणे चालते. परंतु मुलाने एखादा मोठा खेळ लावला की दहावीस मिनिटांत पडदा एकाएकी काळा होतो आणि यंत्र आपले आपण पुन्हा सुरू होते. ना सूचना, ना संदेश. वडील म्हणतात, खेळानेच यंत्र बिघडवले. मुलगा म्हणतो, यंत्रच हलके घेतले. दुकानदार म्हणतो, ग्राफिक्स कार्ड बदला. तिघांचेही म्हणणे अंदाजाचे असते आणि या अंदाजाची किंमत थोडी नसते. चांगले ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचे म्हणजे मध्यम स्थितीच्या घरात कित्येक महिन्यांची बचत खर्ची पडते. आणि एवढे करूनही दोष तसाच राहिला, म्हणजे पैसा गेला व घरातील वादही मिटला नाही, अशी स्थिती होते. त्याच यंत्रावर मुलाचा अभ्यासही चाललेला असतो, हे निराळेच.

हा दोष शोधण्याची एक सरळ रीत आहे, आणि ती अवलंबिण्यास तंत्रज्ञ असावे लागत नाही. तिचे नियम तीनच. पहिला, ज्या तपासण्यांस पैसा लागत नाही त्या आधी कराव्यात. दुसरा, एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम पाहावा. तिसरा, पुरावा हाती आल्यावाचून कोणताही भाग विकत घेऊ नये. हे नियम ध्यानात ठेवून पुढील पायऱ्या चढल्या, तर बहुतेक घरांतील दोष घरच्या घरीच सापडतो. मात्र प्रारंभ करण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. वारंवार अचानक बंद पडणाऱ्या यंत्रात लिहिली जात असलेली फाइल खराब होण्याचा संभव असतो.

खेळाच्या वेळीच का?

पत्र लिहिताना संगणकाचे मुख्य भाग जवळजवळ स्वस्थ बसलेले असतात. खेळ सुरू झाला की प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही एकाच वेळी जोराने कामास लागतात. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ३०६० या कार्डाची वीज-मर्यादा १७० वॅट आहे, आरटीएक्स ३०८० ची ३२० वॅट, आणि आरटीएक्स ४०९० ची ४५० वॅट. हे आकडे सरासरीचे होत. प्रत्यक्षात कार्डाची मागणी सेकंदाच्या अगदी लहान अंशात या आकड्याच्या पुष्कळ वर उसळी घेते व खाली येते. या उसळ्या इतक्या वाढल्या की २०२२ साली इंटेलने प्रसिद्ध केलेल्या एटीएक्स ३.० या मानकात मोठ्या पॉवर सप्लायने आपल्या नेमलेल्या शक्तीच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंदांपुरता सोसला पाहिजे, अशी अट घालावी लागली.

चार माणसांच्या स्वयंपाकाला पुरणारी शेगडी पंगतीला अपुरी पडली, तर पंगतीला दोष देता येत नाही. तोच प्रकार येथे आहे. वीज, उष्णता व मेमरी यांतील जो कच्चेपणा एरवी झाकून राहतो, तो खेळाच्या भाराखाली उघडा पडतो. तेव्हा वडिलांनी खेळाला बोल लावण्याचे तूर्त थांबवावे व मुलाला वही-पेन्सिल घेऊन बसवावे.

पहिली पायरी : निरीक्षण

यंत्र ‘बंद पडते’ असे आपण म्हणतो खरे. पण त्याचे चार निरनिराळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा रोख वेगळा असतो.

(१) फक्त खेळ बंद होतो, विंडोज चालूच राहते. येथे खेळाची आज्ञावली, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर किंवा मेमरी यांवर संशय घ्यावा.

(२) चूक सांगणारा पडदा क्षणभर दिसतो व मग यंत्र पुन्हा सुरू होते. येथे विंडोजलाच चूक कळलेली असते. हा पडदा वर्षानुवर्षे निळा होता. २०२५ सालापासून विंडोज ११ मध्ये तो काळा केला आहे, म्हणून ‘नुसता काळा पडदा आला’ एवढ्यावर न थांबता त्यावर अक्षरे होती काय, हे पाहावे.

(३) काहीही न दिसता यंत्र तत्काळ पुन्हा सुरू होते. येथे वीजपुरवठा किंवा यंत्रातील गंभीर दोष यांकडे पाहावे.

(४) यंत्र साफ बंद होते. मागील बाजूचा खटका बंद करून पुन्हा चालू केल्याखेरीज ते उठत नसेल, तर पॉवर सप्लायने स्वसंरक्षणार्थ हात आखडता घेतला असा संभव असतो. थोडा वेळ निवू दिल्यावरच उठत असेल, तर उष्णतेचा संशय बळावतो.

दुसरा प्रकार पुष्कळदा तिसऱ्यासारखा भासतो, कारण चूक होताच आपोआप रीस्टार्ट व्हावे अशी विंडोजची मूळचीच योजना असते. ती प्रथम बंद करावी. सिस्टम प्रॉपर्टीज उघडून ‘ॲडव्हान्स्ड’ या भागात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ची सेटिंग्ज काढावीत व ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ समोरील खूण पुसावी. यापुढे चुकीचा पडदा जागीच थांबेल व त्यावरील मजकूर मोबाइलने टिपून घेता येईल.

त्यानंतर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘सिस्टम’ ही नोंदवही पाहावी. तेथे बहुधा ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते. या नोंदीने अनेकांची दिशाभूल होते. ‘पॉवर’ हा शब्द वाचून पॉवर सप्लाय गेला असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक ही नोंद एवढेच सांगते की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. म्हणजे जे आपण डोळ्यांनी पाहिले तेच. उपयोगाची गोष्ट तिच्या तपशिलात असते. तेथील ‘बगचेककोड’ शून्य असेल, तर विंडोजला चूक नोंदविण्यास अवसरच मिळाला नाही, असे समजावे. त्यावरून वीज तुटणे किंवा यंत्र एकाएकी गोठणे यांचा संभव वाढतो. शून्याखेरीज दुसरा आकडा असेल, तर तो त्या विशिष्ट चुकीचा क्रमांक होय. तसेच आसपास ‘व्हीया-लॉगर’ या नावाची नोंद असेल, तर प्रोसेसर, मेमरी किंवा त्यांच्या जोडणीतील चूक यंत्रानेच कळविली आहे, असे धरावे.

वहीत दर खेपेस इतके लिहावे : तारीख, वेळ, खेळाचे नाव, किती मिनिटांनी बंद पडले, चारांपैकी कोणत्या प्रकाराने, आणि त्या क्षणी घरात काय सुरू झाले. पाण्याची मोटर, इमारतीची लिफ्ट, इस्त्री, फ्रीज या साध्या वस्तूंनीही कोडे सुटलेले दिसते.

दुसरी पायरी : भिंतीपासून यंत्रापर्यंत वीज

बाहेरून आत यावे. भिंतीतील सॉकेट सैल आहे काय, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर इतर जड उपकरणे आहेत काय, तिसऱ्या पिनेचे अर्थिंग खरोखर जोडलेले आहे काय, हे पाहावे. अर्थिंगची तपासणी वायरमनकडूनच करवून घ्यावी.

आपल्या घरांतून ज्याच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, असा दोषी म्हणजे यूपीएस. त्याच्या पेटीवर ‘६०० व्हीए’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. परंतु व्हीए व वॅट हे आकडे सारखे नव्हेत. ६०० व्हीएचे यूपीएस पुष्कळदा ३६० वॅटचेच असतात. आता एक साधा हिशेब करू. १७० वॅटचे ग्राफिक्स कार्ड, भर कामात १२० वॅट घेणारा प्रोसेसर, आणि मदरबोर्ड, डिस्क, पंखे मिळून ५० वॅट. बेरीज ३४० वॅट झाली. पॉवर सप्लायची कार्यक्षमता शेकडा ८५ धरली, तर भिंतीतून ४०० वॅट ओढले जातात, मॉनिटरचे निराळेच. म्हणजे पत्र लिहिताना निवांत असलेला हा यूपीएस खेळाच्या वेळी मर्यादा ओलांडतो. वीज स्थिर असेतो तो बहुधा तग धरतो, फार तर बीप वाजवितो; पण दाब क्षणभर खाली जाऊन तो बॅटरीवर आला की भार न पेलून तत्काळ सोडून देतो. बॅटरी जुनी असेल तर भार कमी असतानाही हेच घडते.

याची परीक्षा फुकट होते. ज्या दिवशी वीज ये-जा करीत नसेल, अशा दिवशी यूपीएस मधून काढून यंत्र सरळ चांगल्या सॉकेटला जोडावे व नेहमीचा खेळ नेहमीइतका वेळ खेळू द्यावा. रीस्टार्ट थांबला, तर ग्राफिक्स कार्डावर खर्च करण्याचे कारण उरले नाही. घरगुती इन्व्हर्टरवर संगणक चालत असेल, तर पुष्कळ इन्व्हर्टरांना ‘यूपीएस’ असा वेगळा खटका किंवा पर्याय असतो. तो लावलेला आहे काय, ते पाहावे. त्यावाचून विजेकडून बॅटरीकडे जाण्यास लागणारा वेळ संगणकास सोसत नाही.

हा वेळ किती सूक्ष्म असतो, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. संगणकाचा चांगला पॉवर सप्लाय वीज तुटल्यावर साठविलेल्या शक्तीवर सुमारे १६-१७ मिलिसेकंद यंत्र चालवितो. भार हलका असेल तर अधिक काळ, आणि भार पूर्ण असेल तर याहून कमीही. म्हणून दिवा नुसता लुकलुकला, तेव्हा पत्र लिहीत असलेला संगणक वाचतो व खेळत असलेला संगणक कोसळतो. हे ठाऊक नसल्यामुळे ‘वीज तर गेलीच नव्हती’ अशी ग्वाही घरातील माणसे प्रामाणिकपणे देतात.

तिसरी पायरी : पॉवर सप्लाय

बाजारात ज्याला एसएमपीएस म्हणतात, ती ही पेटी. हिच्यावर लिहिलेला मोठा आकडा पाहून भुलू नये. तिच्या बाजूस एक तक्ता छापलेला असतो. त्यातील १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर आहेत, ते वाचावे व त्यांना १२ ने गुणावे. ३० अँपिअर असतील तर ३६० वॅट. १८ अँपिअर असतील तर २१६ वॅटच. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांची बहुतेक सारी भूक याच १२ व्होल्टवर भागते. कार्डाचा उत्पादक किती वॅटचा पॉवर सप्लाय सुचवितो, तेही पाहावे. आरटीएक्स ३०६० साठी ५५० वॅट व आरटीएक्स ३०८० साठी ७५० वॅट अशी एनव्हीडियाची शिफारस आहे.

जोडण्यांकडेही पाहावे. ग्राफिक्स कार्डाच्या ८ पिनांच्या जोडणीची मर्यादा १५० वॅट, ६ पिनांची ७५ वॅट, व मदरबोर्डावरील खाचेतून मिळणारी वीज ७५ वॅट अशी वाटणी ठरलेली आहे. कार्डास दोन जोडण्या लागत असतील, तर एकाच केबलला फुटलेली दोन टोके लावण्यापेक्षा दोन स्वतंत्र केबली लावणे चांगले. यंत्र बंद करून, भिंतीतील प्लग काढून, प्रत्येक जोडणी पूर्ण आत बसली आहे याची खात्री करावी.

पॉवर सप्लायवरील संशय पैसा न खर्चता पडताळण्याची एक युक्ती आहे. कार्डाच्या सेटिंगमध्ये, किंवा ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ या मोफत आज्ञावलीने, कार्डाची वीज-मर्यादा शेकडा ७० वर आणावी व खेळातील फ्रेम्सना ६० ची मर्यादा घालावी. एवढ्याने रीस्टार्ट थांबला, तर भार व पुरवठा यांचा मेळ बसत नाही, असे मानण्यास चांगला आधार मिळतो. मात्र याने उष्णताही कमी होत असल्याने पुढील पायरी गाळू नये. मित्राचा उत्तम चालणारा पॉवर सप्लाय एक दिवस लावून पाहणे ही याहून खात्रीची परीक्षा होय. तसे करताना त्याच्या केबलीही त्याच्याच वापराव्यात. सुट्या होणाऱ्या केबलींची टोके सारखी दिसली, तरी निरनिराळ्या पेट्यांत त्यांची आतील मांडणी वेगळी असू शकते, आणि चुकीच्या केबलीने मदरबोर्ड व डिस्क जळतात.

एक गोष्ट निक्षून सांगावयाची : पॉवर सप्लायची पेटी घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टांहून अधिक दाब राहू शकतो. तो जीवघेणा आहे.

चौथी पायरी : उष्णता

आधुनिक प्रोसेसर तापला की प्रथम आपला वेग कमी करतो, आणि तरीही ताप वाढला तरच यंत्र बंद करतो. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५ अंश आहे. यास्तव उष्णतेने बंद पडण्यापूर्वी खेळ अडखळू लागणे, पंख्यांचा आवाज वाढणे अशी पूर्वचिन्हे सहसा दिसतात. ती मुळीच न दिसता पहिल्या पाच मिनिटांत यंत्र कोसळत असेल, तर पुन्हा विजेकडे वळावे.

‘एचडब्ल्यूइन्फो’ ही मोफत आज्ञावली तापमानांची नोंद फाइलमध्ये लिहून ठेवते. ती चालू ठेवून खेळावे. यंत्र बंद पडले तरी शेवटच्या क्षणापर्यंतची बहुतेक नोंद मागे राहते. बडोदे, इंदूर, हैदराबाद यांसारख्या शहरांत वैशाखात पारा ४० च्या पलीकडे जातो, आणि खोली जितकी तापते जवळपास तितकेच आतील भागही अधिक तापतात. हिवाळ्यात निर्दोष चालणारे यंत्र उन्हाळ्यात का रुसते, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

परीक्षा सोपी आहे. कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून समोर टेबलपंखा लावावा. यंत्र पूर्वीपेक्षा बराच अधिक वेळ टिकले, तर दोष उष्णतेचा. मग धूळ साफ करावी. हवेचा झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, म्हणजे ती अतिवेगाने फिरून खराब होत नाहीत. प्रोसेसरवरील हीटसिंकच्या चारही खुंट्या नीट बसल्या आहेत काय, हे पाहावे. एक सुटली तरी तो तिरपा होतो. तीनचार वर्षांत थर्मल पेस्ट सुकली असल्यास ती बदलण्यास फार खर्च येत नाही. कपाटात कोंबलेले कॅबिनेट बाहेर काढण्यास तर काहीच लागत नाही.

पाचवी पायरी : मेमरी, प्रोसेसर व आज्ञावली

वीज व उष्णता निर्दोष ठरल्यावर मेमरीकडे यावे. वेगवान रॅमसाठी बायॉसमध्ये ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ नावाची सोय असते. तिने मेमरी मूळ प्रमाण-वेगापेक्षा जलद चालते, पण प्रत्येक जोडीला तो वेग झेपतोच असे नाही. ही सोय काही दिवस बंद ठेवून पाहावी. ‘मेमटेस्ट८६’ ही परीक्षा रात्रभर चालू द्यावी; एकही चूक निघाली तर ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. दोन रॅम असतील तर एकेक लावून दोषी कोणती, ते ठरवावे. प्रोसेसर वा कार्डाचा वेग हौसेने वाढविला असेल, तर तो पूर्ववत करावा.

कधी कधी दोष थेट उत्पादनाकडेच असतो. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत असा प्रकार घडला. खेळ अकारण कोसळत. कित्येकदा संदेश येई तो ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी असल्याचा, आणि लोक कार्डावर संशय घेत. २०२४ साली इंटेलने मान्य केले की प्रोसेसरला प्रमाणाबाहेर व्होल्टेज दिले जात होते. कंपनीने त्याच वर्षी बायॉसमार्फत दुरुस्ती दिली व बाधित प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढविली. मात्र एकदा झिजलेला प्रोसेसर दुरुस्तीने पूर्ववत होत नाही. तो बदलून मागावा लागतो. ज्यांच्या घरी या पिढ्यांचे यंत्र आहे, त्यांनी मदरबोर्डच्या उत्पादकाकडून नवे बायॉस घेतले आहे काय, याची अवश्य खात्री करावी.

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर पुसून नव्याने घालणे हाही बिनखर्ची उपाय आहे. विशेषतः पहिल्या व दुसऱ्या प्रकारात तो गुण देतो. इतके सारे झाल्यावर, आणि हेच कार्ड दुसऱ्या निर्दोष यंत्रातही यंत्र पाडते असे दिसल्यावरच, कार्डाला दोषी म्हणावे.

सारांश

क्रम पुन्हा ध्यानात घ्यावा : फायलींची प्रत, आपोआप रीस्टार्ट बंद, नोंदवही, यूपीएसविना परीक्षा, १२ व्होल्टचा हिशेब व जोडण्या, वीज-मर्यादा कमी करून परीक्षा, झाकण काढून पंखा, मेमरीची परीक्षा, बायॉस व ड्रायव्हर. प्रत्येक पायरीनंतर दोन-तीन दिवस थांबावे, कारण कधीमधी येणारा दोष एका संध्याकाळी न आल्याने गेला असे ठरत नाही. दोन बदल एकदम केले व दोष गेला, तर कोणत्या बदलाने गेला ते कळत नाही. आणि तो परत आला म्हणजे पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ करावा लागतो.

एवढे करूनही दोष हाती लागला नाही, तर वही घेऊन दुकानदाराकडे जावे. ‘खेळताना बंद पडतो’ एवढेच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला तो एक भाग विकतो. ‘यूपीएसविना पडतो, तापमान ७० च्या वर जात नाही, मेमरीत चूक नाही, वीज-मर्यादा शेकडा ७० केली की टिकतो’ असे सांगणाऱ्याशी त्याला नेमके बोलावे लागते. हमीची मुदत चालू असेल, तर कॅबिनेटमधील भाग सोडविण्यापूर्वी बिल व हमीपत्राच्या अटी वाचाव्यात.

हे काम घरातील मुलामुलींनीच करावे व वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून पाहावे, असे सुचवावेसे वाटते. ज्या मुलाने चार संध्याकाळी नोंदी ठेवून यूपीएसचा दोष पकडला, त्याच्या हातून घरचे काही हजार रुपये वाचलेच. शिवाय पुढे पंप, मोटरसायकल वा प्रयोगशाळेतील उपकरण अडले, तर तेथेही त्याला हीच वही उपयोगी पडेल.